फ्लॅटमधून ब्लडलाईन: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्या ब्रीडरसाठी

ब्लडलाईन म्हणजे पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं कुत्र्यांचं एक घराणं. ते उभं करायचं तर हिशोब आधी वेळेचा करून घ्या, पैशांचा नंतर. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातीत मादीच्या हिप्सचा, म्हणजे कमरेच्या सांध्यांचा, भरवशाचा एक्स-रे २४ महिन्यांनंतर निघतो. त्यापुढच्या हीटला (माजाला) मेटिंग, साधारण ६३ दिवसांनी पिल्लं, त्यातली एक मादी ठेवली की तिचे पुन्हा २४ महिने. म्हणजे एक पिढी अडीच ते तीन वर्षांची. अमुक कुत्रा तमुक घरचा हे लांबून ओळखू यायला किमान तीन पिढ्या लागतात. आठ-नऊ वर्षं झाली, तीही मध्ये काही बिघडलं नाही तर.

मग जागेचा हिशोब. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या टू बीएचकेत मोठ्या जातीचे दोन, फार तर तीन कुत्रे नीट राहतात. लॅब्रॅडॉरच्या एका लिटरमध्ये, म्हणजे एका वेतात, सात-आठ पिल्लं सहज होतात. त्यामुळे तुमच्या लाईनचे बहुतेक कुत्रे कायम दुसऱ्यांच्या घरी असणार. इथली ब्लडलाईन केनेलमध्ये कमी आणि वहीत, फोनवर जास्त उभी राहते. विकलेल्या पिल्लाचं पुढे काय झालं हे ज्याला पाचव्या वर्षीही सांगता येतं, त्याच्याकडेच लाईन आहे. बाकीच्यांकडे नुसती लिटरं.

जात आणि कागद

हस्की, सेंट बर्नार्ड आपल्या दमट हवेसाठी नाहीत. एसी लावून वर्षभर कुत्रा जगवता येतो, घराणं नाही. पग, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकाच्या जाती उन्हाळ्यात धापा टाकतात आणि सिझेरियनचं प्रमाणही त्यांच्यात जास्त, म्हणून पहिल्या जातीसाठी टाळा. लॅब, डॉबरमन, बीगल इथे निभावतात. कारवान हाउंड हा देशी शिकारी कुत्रा घेण्याचा विचार असेल तर उत्तम, हवा त्याचीच आहे. पण त्याला रोज मोकळं पळायला लागतं आणि चांगलं रक्त लातूर, सोलापूर, सांगली या पट्ट्यात गावोगावच्या शौकिनांकडे आहे, बऱ्याचदा कागदांशिवाय. तिथे चार-पाच फेऱ्या मारून आई, आजी, मामा प्रत्यक्ष बघायची तयारी हवी.

कुत्रा प्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ चे आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी लागते. मादी १८ महिन्यांची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर वापरायची नाही, वर्षात एकच लिटर, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत द्यायचं नाही, मायक्रोचिप हवी, नोंदवह्या हव्यात. पाच ही कायद्याची कमाल आहे. लाईन करणाऱ्याने एका मादीकडून दोन किंवा तीनच लिटरं घ्यावीत, कारण चौथ्या लिटरपर्यंत तिची मुलगीच कामाला आलेली असते. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना वेगळा काढायचा. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे मादीची नोंद, पुढे लिटरची नोंद आणि जमलं तर स्वतःचं केनेलनाव (आपल्या घराण्याचं नोंदवलेलं नाव), हेही सुरुवातीलाच उरका. मागून कागद करू म्हटलं की ते राहूनच जातं.

सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, हे खरं. पण आठ पिल्लं पहाटे पाचला एका सुरात ओरडायला लागली की कायद्याचं पुस्तक उपयोगी पडत नाही. सेक्रेटरी, वरचे-खालचे शेजारी यांना मेटिंगच्या आधीच सांगून ठेवा आणि पिल्लं चार ते आठ आठवड्यांची असताना कुठे ठेवणार ते ठरवा. बदलापूर, कर्जत, पनवेलकडे नातेवाइकांची जागा असली तर ती याच महिन्याभरासाठी सोन्यासारखी. येऊरच्या बाजूला जागा असेल तर रात्री कुत्रे वरून बंद असलेल्या जाळीतच हवेत, बिबट्याला सहा फुटी भिंत काहीच नाही.

पायाची मादी

सगळा पैसा इथे घाला. नर पाळण्याची गरज नाही. मेटिंगपुरता देशातला कुठलाही चांगला नर मिळतो. लाईन मादीवर चालते.

‘शो क्वालिटी’ म्हणून आठ आठवड्यांचं पिल्लू विकलं जातं तेव्हा विकणारा अंदाज विकतो, एवढं लक्षात असू द्या. त्यापेक्षा चांगल्या लिटरमधली दहा-बारा महिन्यांची मादी मिळत असेल तर ती घ्या, जास्त पैसे गेले तरी. दात आलेले असतात, चाल दिसते, स्वभाव कळतो. आईची बाळंतपणं विचारा: पिल्लं आपसूक झाली की सिझेरियन, किती झाली, आठ आठवड्यांपर्यंत किती जगली, दूध पुरलं का. हे गुण मुलीत उतरतात, आणि शोमधल्या रिबिनींपेक्षा हेच पुढे तुमच्या रात्री वाचवतात.

तीन पिढ्यांच्या पेडिग्रीवर, म्हणजे वंशावळीच्या कागदावर, १४ नावं असतात: २, ४ आणि ८. नावापुढचं ‘चॅम्पियन’ वाचून थांबू नका. प्रत्येक नावासमोर दोन गोष्टी लिहायचा प्रयत्न करा, किती वर्षं जगला आणि कशाने गेला. १४ पैकी सहा-सात भरता आल्या तरी पुष्कळ. विचारल्यावर ब्रीडर चिडला तर तेही एक उत्तरच.

तपासण्या जातीप्रमाणे. लॅब्रॅडॉरमध्ये हिप्स आणि एल्बोचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, आणि डीएनएमध्ये किमान दोन: पीआरए म्हणजे हळूहळू येणारं आंधळेपण, आणि ईआयसी म्हणजे जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडणं. जर्मन शेफर्डमध्ये हिप्सबरोबर डीएम म्हणजे मागचे पाय हळूहळू लुळे पाडणारा मज्जारज्जूचा आजार, डॉबरमनमध्ये हृदय आणि व्हॉन विलेब्रँड म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. एक्स-रे गुंगी देऊन, पाय सरळ ताणून काढावा लागतो. जागेपणी घाईत काढलेल्या फिल्मवरून काहीच ठरत नाही.

डीएनए रिपोर्टमध्ये ‘कॅरिअर’ (दोषी जनुकाची एकच प्रत असलेली, स्वतः निरोगी) आलं की नवखे मादी बाद करतात. त्याची गरज नाही. पीआरए आणि ईआयसी दोन्ही अप्रभावी जनुकांचे आजार, म्हणजे दोन्ही प्रती दोषी असल्या तरच होणारे. कॅरिअर मादीला क्लिअर (दोषी प्रत नसलेला) नर दिला तर सरासरी निम्मी पिल्लं क्लिअर, निम्मी कॅरिअर, आजारी एकही नाही. दोन कॅरिअर एकत्र आले तर सरासरी चारात एक आजारी. चांगल्या मादीचं रक्त एका कॅरिअर रिपोर्टपायी फेकायचं नसतं. पुढच्या पिढीत तिचीच क्लिअर मुलगी ठेवायची.

जोडी जमवताना

लाईनब्रीडिंग म्हणजे एखाद्या चांगल्या पूर्वजाचं रक्त दोन्ही बाजूंनी आणणं. गुण त्यामुळे पक्के होतात आणि दडलेले दोषही वर येतात. नात्याचा आकडा मोजायला शिका. सख्खी भावंडं किंवा बाप-मुलगी यांच्या पिल्लांचा इनब्रीडिंगचा आकडा २५ टक्के, सावत्र भावंडं किंवा काका-पुतणी यांचा १२.५, चुलत भावंडांचा ६.२५. पहिली जोडी पूर्ण बाद. नवख्याने ६.२५ च्या वर जाऊच नये. आकडा चढत गेला की आधी लिटर लहान होतं, मग पहिल्या आठवड्यात पिल्लं दगावतात, मादी रिकामी राहते, म्हणजे गाभण राहत नाही. दिसायला कुत्रे छान असतात, म्हणून कारण लक्षात येत नाही.

ज्या नराची पिल्लं सध्या निम्म्या महाराष्ट्रात आहेत त्याच्या मागे लागू नका. पाच वर्षांनी लाईनला बाहेरचं रक्त हवं असेल तेव्हा प्रत्येक पेडिग्रीत तोच बाप निघेल. नर निवडताना मादीचे दोन दोष लिहून काढा, फक्त दोनच, आणि त्या दोन बाबतीत पक्का असलेला, ज्याची भावंडंही त्या बाबतीत बरी आहेत असा नर शोधा. मादी पाठीला लांब असेल तर आखूड पाठीचा नर चालत नाही; पिल्लं मधली होत नाहीत, काही लांब, काही आखूड होतात. बरोब्बर पाठीचा नर हवा.

स्टड फी (नराच्या मालकाला द्यायचा मोबदला) पैशात की एका पिल्लात, मादी रिकामी राहिली तर पुढच्या हीटला पुन्हा मेटिंग मिळणार का, एकच पिल्लू झालं तर काय, हे मेटिंगच्या आधी कागदावर घ्या. भांडणं बहुतेक वेळा त्या शेवटच्या कलमावरून होतात.

हीट आणि प्रोजेस्टेरॉन

‘अकराव्या आणि तेराव्या दिवशी मेटिंग’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि मादी रिकामी राहण्याचं मोठं कारण बहुतेकदा हाच. काही माद्यांची बीजं सातव्या-आठव्या दिवशी सुटतात, काहींची विसाव्यानंतर. रक्ताचा पहिला थेंब दिसला तो दिवस लिहा (मादी स्वतःला चाटत असेल तर रोज सकाळी पांढरा टिश्यू टेकवून बघा) आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटण्याच्या सुमारास वाढणारं संप्रेरक) तपासा.

सुरुवातीला आकडा १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या आत असतो. २ च्या आसपास आला की वाढ सुरू झाली समजा. साधारण ५ ला बीज सुटतं. ते लगेच फळत नाही, पिकायला दोन दिवस लागतात. म्हणून ५ दिसल्यापासून ४८ तासांनी पहिलं मेटिंग, आणखी ४८ तासांनी दुसरं. पुणे किंवा नाशिकच्या नराकडे जायचं असेल तर गाडी या आकड्यावर काढायची, पंचांगावर नाही.

नमुना माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही तपासून मिळतो, पण गोंधळ एककाचा होतो. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात. १ नॅनोग्रॅम म्हणजे ३.१८ नॅनोमोल. नॅनोमोलमधले ६ बघून धावपळ केली तर मादी प्रत्यक्षात २ वरच असते. रिपोर्टवरचं एकक वाचा आणि एका हीटमध्ये लॅब बदलू नका.

मेटिंगआधी नर-मादी दोघांची ब्रुसेलाची तपासणी करा. हा जंतू गर्भ पाडतो, नराला कायमचा निकामी करू शकतो आणि माणसालाही होतो. मादीची सीबीसीही (रक्तपेशींची मोजणी) करा. आपल्याकडे पावसाळ्यानंतर गोचिडांमुळे एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार सर्रास असतात. मादी वरून ठणठणीत दिसते आणि प्लेटलेट खाली आलेल्या असतात. गाभण राहिल्यावर यावरची काही औषधं देता येत नाहीत, म्हणून उपचार आधी.

गाभणपण आणि बाळंतपण

सोनोग्राफी २८व्या दिवसाच्या सुमारास, पिल्लं मोजायला एक्स-रे ५५व्या दिवसानंतर. मोजणी महत्त्वाची, नाहीतर शेवटचं पिल्लू आत राहिलंय हे कळणार नाही. खाणं पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून वाढवत न्या, पपी फूड पुरेसं. कॅल्शियमच्या बाटल्या गाभणपणात देऊ नका. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि दूध भरात असताना मादीला एक्लॅम्प्सिया होतो: धाप, थरथर, पाय ताठ, झटके. अशा वेळी पिल्लं बाजूला करून तडक डॉक्टर.

बाळंतपणाची पेटी लॅब्रॅडॉरसाठी ४ बाय ४ फूट, कडा दीड फूट, आत जमिनीपासून चार इंचांवर चारही बाजूंनी दांडी. आई कडेला टेकून बसली की पिल्लू त्या दांडीखालच्या फटीत वाचतं. खाली वर्तमानपत्र, वर जुनी सुती चादर घट्ट खोचून. सैल चादरीत पिल्लू गुंडाळलं जातं.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप बघा. ९९ फॅरनहाइटच्या खाली गेला की बहुधा २४ तासांत कळा सुरू होतात. डॉक्टर दोन ठरवून ठेवा, रात्री फोन उचलणारे, आणि त्यातला एक तुमच्या बाजूचा. गायमुखला ट्रक बंद पडला असेल तेव्हा घोडबंदरहून ठाण्यात पोचायला जो वेळ लागतो तेवढा पिल्लाकडे नसतो. जोरदार कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू नाही, आत पिल्लं असताना दोन तास काहीच नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव, यांपैकी काहीही झालं तर निघा. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन घरात ठेवू नका. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ते टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. पेटीत त्यांच्या पाठीच्या उंचीवर २९ ते ३२ सेल्सिअस हवं. पुस्तकात ‘बल्ब लावा’ लिहिलेलं असतं, आणि ठाण्यातल्या मे महिन्यात खोलीच ३३ वर असते. तिथे बल्ब लावला की पिल्लं कोरडी पडून दगावतात. जुलैत उलट: फरशी गार, हवा ओली, वर लाईट गेलेली. दहा रुपयांच्या बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून ठेवा. पिल्लं विखरून पडली असतील तर उकडतंय, एकावर एक चढून कुरकुरत असतील तर थंडी वाजतेय. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, त्याचं आतडं चालत नसतं; आधी सावकाश ऊब, मग पाजणं.

पिल्लांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांची लोकर बांधा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं. दुसऱ्या दिवसापासून रोज चढायला हवं आणि आठ-दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट. एक दिवस आकडा जागेवर राहिला की ते पिल्लू मागच्या सडाला लावा, तिथे दूध जास्त असतं. दोन दिवस राहिला तर डॉक्टर. डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला दिसतं.

जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीज तीन महिन्यांना. पार्व्हो हा पिल्लांसाठी जीवघेणा विषाणू चपलांना चिकटून घरात येतो, तेव्हा पिल्लं बघायला येणाऱ्यांच्या चपला दाराबाहेर.

कोणतं ठेवायचं, कोणाला द्यायचं

आठव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लांना टेबलावर रबरी चटईवर उभं करून बाजूने, पुढून, मागून फोटो काढा. मांडणी याच वयात बरी दिसते, नंतर वर्षभर सगळी बेढब होतात. सर्वांत मोठं पिल्लू सर्वांत चांगलं नसतं. नराचे दोन्ही अंड उतरलेत का, दातांची ठेवण, आणि स्टीलचं भांडं पडल्यावर दचकून किती वेळात परत येतं, एवढं तरी नोंदवा.

एकच ठेवता येतं आणि तेच बिघडतं, हा फ्लॅटमधल्या ब्रीडरचा कायमचा घोळ. त्यावर तोडगा को-ओनरशिप: दुसरी चांगली मादी नेरूळ, ऐरोली, डोंबिवलीतल्या विश्वासू कुटुंबाला कमी पैशांत किंवा फुकट द्यायची, बदल्यात तिच्याकडून एक लिटर. स्टँप पेपरवर लिहा: खर्च कोणाचा, पिल्लं कुठे होणार, कुटुंब परदेशी गेलं तर काय, आणि मादी रिपोर्टांत नापास झाली तर करार तिथेच संपणार. तोंडी ठरलेलं घरातली मुलं मोठी झाली की विसरलं जातं. बाकी पिल्लं नसबंदीच्या अटीवर द्या. ‘एक तरी लिटर काढू दे’ म्हणणाऱ्याला पिल्लू नको.

वही

कुत्र्यामागे एक पान किंवा एक्सेलची एक ओळ: चिप क्रमांक, आई-बाप, जन्माचं वजन, हिप्स, डीएनए, कानाचे-त्वचेचे त्रास, झटके, स्वभाव, मृत्यूचं वय आणि कारण. दर वाढदिवसाला मालकाला फोन. ‘कसा आहे?’ असं विचारलं तर ‘मजेत’ एवढंच येतं. ‘वर्षात कानाचं औषध किती वेळा लागलं? जिना चढताना थांबतो का?’ असं विचारा.

फोन चुकवायचा मोह होतो, कारण सगळ्यात मोठा मनस्ताप इथूनच येतो. अपस्मार बहुधा एक ते पाच वर्षांच्या वयात दिसतो. तोवर तुम्ही त्या कुत्र्याच्या बहिणीची पिल्लं काढून विकलेली असतात. अशा वेळी दोन्ही लिटरच्या मालकांना कळवायचं, ती जोडी पुन्हा लावायची नाही, आणि नराच्या मालकालाही सांगायचं, तो नाकारणार हे धरून. नापास हिप्स, एकच अंड उतरलेला सुंदर नर, पायोमेट्रात (गर्भाशयात पू होऊन) गर्भाशय काढावं लागलेली सर्वोत्तम मादी, हेही सगळं होणार. वर बाजारात कागदांशिवायची पिल्लं निम्म्या भावात असणारच. भाव कमी करून त्यांच्याशी लढू नका. रिपोर्टांची फाईल दाखवा आणि गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. तपासण्या, स्टड फी, एखादं सिझेरियन धरलं तर पहिल्या दोन लिटरांत हातात काही उरत नाही.

मिळतं काय, तर तिसऱ्या पिढीत टेबलावर आठपैकी सहा पिल्लं सारख्याच खांद्यांनी, सारख्याच शांत नजरेने उभी राहतात. आणि पहिल्या लिटरचा कुत्रा गेल्यावर ते कुटुंब दुसरीकडे चौकशी न करता दोन वर्षं थांबून तुमच्याकडेच येतं.

बाहेरचं रक्त कधी आणायचं

लिटरचा आकार दोन पिढ्या घसरला, किंवा एकच त्रास तीन वेगळ्या घरांतून ऐकू आला, की आउटक्रॉस. नर आपल्यासारख्याच ठेवणीचा, पण तीन पिढ्यांत एकही सामाईक नाव नसलेला. पहिलं लिटर चित्रविचित्र निघतं, त्यावरून निकाल देऊ नका. त्यातली एक मादी ठेवून तिला परत आपल्या लाईनच्या दूरच्या नराकडे न्या.

आणि जागेचा हिशोब दर वर्षी नव्याने मांडा. पायाची मादी सहाव्या वर्षी निवृत्त होईल आणि पुढे सहा-सात वर्षं घरातच असेल. तिची मुलगी, नात मागोमाग तिथेच. शेवटच्या लिटरनंतर दूध आटून दोन-तीन महिने गेले की स्पे (मादीची नसबंदी) करून घ्या, पायोमेट्राची वाट बघू नका. घर बदलायचंच असेल तर ती सहाची असताना, ज्या को-ओनरकडे ती आधी राहून आलीय त्याच्याकडे. दहाव्या वर्षी हलवायची नाही. म्हणजे ती घरात आहे तोवर तिची जागा भरलेली आणि नवी मादी घ्यायची नसते, एवढाच त्याचा अर्थ.